निलंग्याचा पिवळा चौकोन

आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. कंपनीचा सगळा कारभार त्यावर रंगीत चौकोनांत, स्तंभांत आणि रेषांत दिवसभर झळकत असतो. अशा पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात, हे आता मराठवाड्यातही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला मात्र काळ्या दोऱ्यात ओवलेले लिंबू आणि मिरच्या लोंबत असतात. शनिवारी त्या बदलल्या जातात. वरच्या कडेवर, चिकटपट्टीने घट्ट बसवलेला, अंगठ्याएवढा पितळी नंदी आहे. तो मान किंचित खाली घालून थेट ‘एकूण विक्री’कडे पाहत असतो.

हे सारे मन्मथअप्पांचे.

मन्मथअप्पा म्हणजे आमच्या हळदीच्या कंपनीचे मालक. सत्तरी ओलांडलेले, धोतर-सदऱ्यातले, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. नांदेडच्या मोंढ्याच्या बाजारामागे त्यांची गिरणी आहे आणि गिरणीच्या माथ्यावर आमचे कार्यालय. खाली हळकुंडे दळली जातात तेव्हा वर माझ्या टेबलावरचे पाणी बारीक थरथरते. हळदीचा वास इथे हवेत नसतो, हवाच त्या वासाची असते. कीबोर्डच्या कळांवर, चहाच्या कपांच्या कानांवर, माझ्या ओढणीच्या काठावर एक पिवळी साय धरलेली असते. घरी गेल्यावर लेक म्हणते, “आई, तू रोज कुणाच्या हळदीला जाऊन येतेस?”

अप्पांचे चिरंजीव सचिन यांनी पहिल्यांदा विषय काढला, “अप्पा, आपण डॅशबोर्ड बसवून घेऊ.” त्यावर अप्पा म्हणाले होते, “कामून? जीपला हाय की.”

अप्पांच्या आयुष्यात डॅशबोर्ड एकच, त्यांच्या जुन्या जीपचा. त्यावर नंदी, उदबत्तीचे घर आणि वाळलेला झेंडूचा हार. पडदा भिंतीवर चढला, पुण्याहून आलेल्या तरुण अभियंत्याने कळ दाबली, रंग उजळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा मात्र पडद्याला डावीकडून, उजवीकडून, शेवटी वाकून खालून निरखत होते.

“देव कुठं बसवायचा?” त्यांनी विचारले.

सचिन म्हणाले, “अप्पा, हा गाडीचा न्हाई. कंपनीचा डॅशबोर्ड हाय.”

“मग? साध्या जीपला देव लागतो, अन एवढी मोठी कंपनी बिनदेवाची हाकून राहिले तुम्ही?”

ते तसेच जिना उतरून गेले आणि जीपवरचा नंदी उचकटून घेऊन आले. जीपच्या डॅशबोर्डावर त्याच्या जागी चिकटपट्टीचा गोल डाग तेवढा उरला. तेव्हापासून रोज सकाळी अप्पा पडद्यासमोर पायताण काढून उभे राहतात. आम्ही त्याला ‘आढावा’ म्हणतो, ते ‘दर्शन’ म्हणतात.

माझी नेमणूकही अशीच झाली. मी मूळची मराठीची, कवितेवर एम.ए. केले, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. तास आटत गेले तसा संगणकाचा अभ्यासक्रम पुरा केला. मुलाखतीत सचिन यांनी तक्ते आणि सूत्रे विचारली. अप्पा कोपऱ्यात हळकुंड मोडून त्याचा आतला रंग पाहत बसले होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला, “बाई, तुमाला नीट दिसतंय ना?”

“हो. चष्मा आहे, पण दिसतं.”

“मग झालं. काम तेच हाय. बघायचं.”

खरी लढाई रंगांवरून झाली. अभियंत्याने जगभरच्या रीतीप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग योजले होते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका. हे त्याने काठीने दाखवून समजावले. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतले.

“पिवळं म्हंजे काय म्हणलात?”

“वॉर्निंग, सर.”

“आमी हळद विकतो, बाबा.”

खोलीत कुणी हसले नाही, पण खुर्च्या कुरकुरल्या.

“अन लाल?”

“डेंजर.”

“कुंकू डेंजर?” अप्पांनी त्याच्याकडे दयेने पाहिले. “लग्न झालंय का तुमचं?”

“नाही सर.”

“तरीच. हळद, कुंकू अन हिरवा चुडा. सवाष्णीच्या ओटीतले तीन रंग उचलून आणले अन त्यातले दोन वाईट ठरवले व्हय?”

अभियंता हतबल होऊन म्हणाला, “सर, पण वाईट दाखवायला एक रंग तर पाहिजे.”

अप्पा उठून खिडकीपाशी गेले. खाली गिरणी थांबली होती आणि त्या शांततेत पंख्याची पाती एकेक ऐकू येत होती.

“पांढरा,” ते म्हणाले. “पांढऱ्यावाणी वाईट काय नसतं.”

असा आमचा डॅशबोर्ड जगावेगळा झाला. विक्री ठरल्याप्रमाणे, तर पिवळा. त्याहून वरचढ, तर लाल. हळूहळू वाढणारी, तर हिरवा, म्हणजे अप्पांच्या भाषेत ‘उगवून राहिलं’. आणि जिथे विक्री बुडाली किंवा जिथून काही खबरच आली नाही, तो चौकोन पांढरा.

या व्यवस्थेचा एक बळी मी डोळ्यांनी पाहिला. दिवाळीच्या सुमारास बँकेचे एक साहेब कर्ज वाढवून देण्याआधी पाहणीला आले. हंगाम तेजीत होता. पडदा नांदेडपासून देगलूरपर्यंत लालेलाल पेटला होता. साहेब दारातच थबकले, सावकाश खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पाणी मागितले. अप्पा मागे हात बांधून अभिमानाने म्हणाले, “बघा साहेब, सगळीकडं कुंकू सांडलंय!” साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांचा रंग परत आणायला सचिन यांना बराच वेळ आणि दोनदा चहा लागला. त्यानंतर माझ्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहवून पडद्याखाली लावण्यात आली: ‘येथे लाल म्हणजे चांगले.’

पडद्यावरच्या आकृत्यांनाही अप्पांनी आपली नावे दिली. गोल आकृती म्हणजे भाकरी. “आज भाकरीत लातूरचा तुकडा लहान कामून?” उभे स्तंभ म्हणजे पोत्यांच्या थप्प्या. चढउताराची रेषा म्हणजे गोदावरी. “आवंदा उन्हाळ्यातच आटली की ओ” असे ते तिच्याकडे पाहून हळहळत. सचिन यांना या भाषेचा मनस्वी राग येई. एकदा बाहेरच्या व्यापाऱ्यांसमोर त्यांच्याच तोंडून ‘धर्माबादची थप्पी’ निघाली आणि अप्पा मिशीतल्या मिशीत दिवसभर हसत राहिले.

मी मात्र हळूहळू अप्पांची नजर पाहू लागले. नंदीला नमस्कार झाला की ती एकूण विक्रीवर जात नसे, नफ्यावर जात नसे. ती उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या सर्वांत लहान चौकोनावर जाई. त्यावर लिहिले होते: निलंगा. तो चौकोन बारमाही पिवळा असे. तो पिवळा दिसला की अप्पांचे खांदे किंचित सैल होत. मग पायताण चढवून ते म्हणत, “चला. लागा कामाला.”

निलंग्याच्या डेपोवर त्यांची बहीण बसते, हे मला ऐकून ठाऊक होते. गंगाअक्का, त्यांच्याहून मोठ्या. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पाकिटांची मांडणी आणि रोज सकाळी मोबाईलवर आकडे भरायचे, एवढाच तो डेपो. अक्का कधी नांदेडला आल्या नाहीत आणि अप्पा कधी निलंग्याला जाताना दिसले नाहीत. फोनवर त्यांचे बोलणे मी एकदा ऐकले होते.

“बरं हाय का?”

“बरं हाय.”

“बरं.”

एवढ्यावर फोन बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात सचिन यांनी डेपोंचा ताळमेळ घ्यायला घेतला आणि त्यांचे बोट नेमके त्या चौकोनावर थांबले. “मॅडम, निलंग्याची विक्री बघा. सण न्हाई, लग्नसराई न्हाई, कायम तेवढीच. अशी विक्री माणसं करत न्हाईत. निलंगा लातूरला जोडून टाकू अन हा चौकोन काढून टाका.”

“अप्पांना विचारलंत?”

“विचारलं तर म्हणतात, नंदीचं तोंड तिकडंच हाय.”

नंदीचे तोंड तिकडे नव्हते. मी पाहिले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नंदी चिकटपट्टीसकट उजव्या कोपऱ्याकडे वळलेला होता.

बाप-लेकांत शब्द वाढले नाहीत, आमच्याकडे ते वाढत नाहीत. सचिन यांनी सोमवारी चौकोन काढायचा म्हणून मला सांगून ठेवले आणि अप्पांनी जिन्यात गाठून विचारले, “बाई, एखादी गोष्ट काढली तर परत घालता येती ना?” मी हो म्हटले. त्यांना माझे उत्तर पटलेले दिसले नाही.

सोमवार उजाडला तेव्हा मला काही काढावेच लागले नाही. चौकोन पांढरा झाला होता.

अप्पा पायताण काढायचे विसरले. पडद्याच्या इतके जवळ जाऊन उभे राहिले की त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरा ठिपका उमटला. त्यांनी फोन लावला. पलीकडून तो बंद असल्याचा यांत्रिक निरोप आला. पुन्हा लावला. पुन्हा तोच.

“नेट गेलं असेल अप्पा,” सचिन म्हणाले, पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

“चला बाई,” अप्पा म्हणाले. “मशीनचं काय असंल तर तुमी लागताल.” मशीनचे काही नसेल तर, हे वाक्य त्यांनी अर्धेच सोडले.

जीप अप्पाच चालवत होते. लोहा गेले, अहमदपूर गेले. दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली, हवेत सुकल्या शेंगांचा खुळखुळ आणि धूळ. अप्पांचे डोळे रस्त्यावरून मधूनच डॅशबोर्डाकडे जात आणि त्या गोल डागावर अडखळून परतत. देव आपण कार्यालयात ठेवून आलो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवत असावे.

लातुरात कापडपेठेजवळ गर्दीत जीप थांबली, तेव्हा ते समोर पाहतच म्हणाले, “इथूनच घेतलं व्हतं.”

“काय, अप्पा?”

“लुगडं. दुखवट्याचं.” पुढची गाडी हलली, पण त्यांनी गिअर टाकला नाही. “दाजी गेले तवा. अक्काचं वय काय, पोरगीच म्हणा. माहेरचं लुगडं भावानं न्यायचं असतंय. थोरली मंडळी म्हणली, पांढरं आण. मी आणलं. मला तरी काय कळत व्हतं? तिच्या हातात दिलं, तर तिनं घडी उलगडून बघितली अन म्हणली, ‘मन्मथ, हळदीच्या दुकानात बसतोस अन तुला पांढरंच मिळालं का रे?’”

मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले.

“पुढं डेपो टाकून दिला. तेबी दुसऱ्याच्या हातानं. तिच्या उंबऱ्यावर उभं राहायचं म्हणलं की ते लुगडं दिसतंय, बाई. तिकडं कोणाची माती असली तरच जातो, मागं उभा राहतो अन येतो.”

इतकी वर्षे शब्दांची शिकवण घेऊन मी जीपची खिडकी थोडी खाली केली, एवढेच.

निलंग्यात शिरताच रस्त्यावर विजेचा एक खांब आडवा पडलेला दिसला. शेजारी उसाने शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर तिरका उभा, आणि भोवती ऊस सोलून खात चर्चा करणारी माणसे. अप्पांनी ते पाहिले आणि पाहिलेच नाही. जीप थेट अक्कांच्या दारात थांबली.

दार उघडे होते. पुढच्या खोलीत, उन्हाच्या पट्ट्यात, कपाळ मोकळे असलेली एक ठेंगणी, सावळी, म्हातारी बाई सुपात तीळ निवडत बसली होती. तिने मान वर केली. अप्पांना पाहताच सूप हातातच राहिले.

“कोण गेलं रे?” तिने विचारले.

अप्पा उंबऱ्यातच थांबले. ते नुसती मान हलवत राहिले.

“आरं बोल की! कोण गेलं?”

“कोणी न्हाई, अक्का,” शेवटी ते म्हणाले. “तुझा डबा पांढरा झाला.”

“कंचा डबा?”

“बोर्डावरचा.”

अक्का क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि मग अशा हसल्या की सुपातले तीळ उडाले. “येडा हायेस का? काल संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्यानं खांब पाडला. लाईट न्हाई, मोबाईल मेलाय. तेवढ्यासाठी नांदेडहून आलास? अन ह्या बाई कोण, डॉक्टर?”

“मशीनच्या हायेत.”

“बसा मशीनच्या बाई. मन्मथ, बस. उभा का राहिलास दुखवट्याला आल्यावाणी?” असे म्हणत त्यांनी घडवंचीवरची जाड गोधडी ओढून जमिनीवर अंथरली. अप्पा तिच्या कडेला चोरासारखे टेकले.

मी भिंतीकडे पाहिले. मांडणीत आमची हळदीची पाकिटे नीट लावलेली होती, आणि कोपऱ्यात एका टोपलीत आणखी, मोकळी. तेवढ्यात शेजारची सून दारात आली. अक्कांनी टोपलीतले एक पाकीट तिच्या हाती ठेवले. सुनेने पैसे दिले नाहीत, अक्कांनी मागितले नाहीत.

“हे... विकत नाही का तुम्ही?” मी न राहवून विचारले.

“हे माझं हाय. रोज मीच घेती, माझ्या पैशानं. गिऱ्हाईक येतंय कधी, कधी येत न्हाई. सुरुवातीला एकदा काय भरलं न्हाई मोबाईलवर, तर ह्याचा लगेच फोन. बरं हाय का. आवाज असा, जसं मीच मेले.” त्यांनी भावाकडे हनुवटीने दाखवले. “म्हणलं, ह्याला पिवळं दिसलं की हा निवांत. मग घेती अन वाटती. मला हळदी-कुंकवाला कोण बोलावतंय? म्हणून मीच घरोघर हळद धाडती. आता गल्लीतली एक चूल न्हाई जिथं माझी हळद न्हाई.”

अप्पा खाली पाहत होते. गोधडीवर त्यांची बोटे फिरत होती, हळकुंडाची प्रत तपासतात तशी, नकळत. जुन्या साड्यांचे तुकडे तीवर एकाशेजारी एक शिवलेले होते आणि मधोमध एक मोठा तुकडा, विटका पिवळा, कडेला गडद.

“हे रंगवलेलं हाय,” ते म्हणाले. धंद्यातल्या माणसाच्या डोळ्याने ते ओळखले होते. “हळदीत.”

“मग? तुझंच लुगडं हाय ते.”

अप्पांचा हात थांबला.

“तवाच बुडवलं कढईत. सासू बोंबलली. नेसू दिलं न्हाई पिवळं, तर गोधडीला घातलं. उन्हानं रंग जातोय, मग परत देती. सुताला चांगलं निघालं बघ, लातूरचं.” अक्कांनी सूप पुन्हा हातात घेतले. “पांघरून झोपतीय इतकी वर्षं. तू कवा आला असतास तर दिसलं असतं.”

अप्पा त्या पिवळ्या तुकड्यावरून उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. अक्का तिळातले खडे वेचत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “भाकरी खाणार का?”

“कोणती?” अप्पांनी गोंधळून विचारले. मला एकटीलाच कळले, ते कोणत्या भाकरीत हरवले होते.

परतताना जीपच्या डॅशबोर्डावर, नंदीच्या गोल डागावर, टोपलीतले एक हळदीचे पाकीट होते. वळणावर ते घसरे आणि अप्पा एका हाताने ते पुन्हा जागेवर ठेवत. सचिन यांना रात्रीच्या आत सगळे सांगायचे काम माझ्याकडे आले. ते ऐकत गेले आणि शेवटी फक्त म्हणाले, “म्हणजे आत्याचीच विक्री, आत्याचीच खरेदी.” मग म्हणाले, “हिशेबातून काढा, मॅडम. बोर्डावरून नको.”

तेव्हापासून निलंग्याचा डेपो कागदोपत्री लातूरला जोडलेला आहे. त्या चौकोनात आता एकही आकडा नाही. अक्का रोज सकाळी मोबाईलवर एक कळ दाबतात आणि तो पिवळा होतो, एवढेच. वाटायची पाकिटे आता कंपनीच त्यांना तशीच पाठवते. नंदी पुन्हा एकूण विक्रीकडे वळला आहे.

अप्पा मात्र हल्ली अधूनमधून दर्शनालाच येत नाहीत. खाली जीपही नसते. अशा दिवशी दुपार कलली तरी कोपऱ्यातला चौकोन पांढराच राहतो, कारण तिकडे भाऊ आलेला असतो आणि कळ दाबायचे कुणाच्या ध्यानात नसते. पडद्याकडे पाहून सचिन म्हणतात, “पोचले वाटतं.”

मी पडद्याखालच्या पाटीवर पांढऱ्याचीही एक ओळ वाढवणार होते. मग राहू दिली.